आठ वर्षं टिकेल अशी फार्म क्वाड कुठली घ्यावी?

प्रश्न असा आला आहे. न्यूझीलंडमध्ये वायकाटोत, पिरोंगिया डोंगराच्या पायथ्याशी ९५ हेक्टरचं डेअरी फार्म, २८० गायी, निम्मी जमीन सपाट आणि निम्मी चढाची. विचारणारे मूळचे तासगावचे, इथे फार्म मॅनेजर आहेत. जुनी क्वाड (शेतावरची चार चाकांची, मोटारसायकलसारख्या हँडलची उघडी गाडी) दर आठवड्याला काहीतरी मागते आहे आणि मालकांनी नवी घ्यायला होकार दिला आहे. होंडा टीआरएक्स ५२०, यामाहा कोडियाक (४५० किंवा ७००) आणि पोलॅरिस स्पोर्ट्समन ५७० यांपैकी कुठलीत दम जास्त आणि आठ वर्षं कुठली टिकेल, असं त्यांना हवं आहे. शेवटी एक ओळ आहे: गावाकडे भाऊ विचारतो, असली गाडी द्राक्षबागेत चालेल का?

मी कोल्हापूरचा. आयटीआय करून ट्रॅक्टरच्या वर्कशॉपमध्ये शिकलो आणि गेली १४ वर्षं वायकाटोत क्वाड दुरुस्त करतो आहे. तुमच्यासारख्या फार्मवरून येणाऱ्या गाड्या रोज उघडतो, त्यामुळे काय झिजतं आणि काय मोडतं ते हातांना माहीत आहे.

माझं मत आधी सांगतो. तुमच्या वर्णनावरून मी होंडा टीआरएक्स ५२० घेईन, मागे एकसंध अॅक्सल (दोन्ही चाकांना एकच दांडा) आणि पॉवर स्टिअरिंग असलेली. चढाच्या पॅडॉकमध्ये, म्हणजे कुंपण घातलेल्या कुरणात, तुमचा निम्म्याहून जास्त वेळ जात असेल, किंवा गाडी चालवणाऱ्यांना गिअरची सवयच नसेल, तर यामाहा कोडियाक. पोलॅरिस वाईट गाडी नाही, बसायला तर ती या तिघींत सगळ्यांत सुखाची आहे. पण तिला जपणारा माणूस लागतो, आणि तुमच्याकडे ती तिघा-चौघांच्या हातात जाणार आहे. आता हे असं का, ते सविस्तर सांगतो, कारण तुमच्या कामाचं स्वरूप वेगळं निघालं तर उत्तरही बदलेल.

पहिल्यांदा आठ वर्षं म्हणजे किती, ते मोजू. डेअरीवरची क्वाड दिवसाला सहज २० किलोमीटर फिरते: पहाटे गायी आणायच्या, दुपारी पुन्हा आणायच्या, मधे कुंपण सरकवायचं, वासरांना दूध, पाण्याच्या टाक्या बघायच्या. वर्षाचे ७,००० किलोमीटर झाले, आठ वर्षांचे ५६,०००. गाडीवाल्याला हा आकडा किरकोळ वाटेल. पण क्वाडचा सरासरी वेग ताशी १२ किलोमीटर धरा, म्हणजे इंजिन साडेचार हजारांहून जास्त तास चालणार, तेही गायींच्या मागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, शेण आणि चिखलातून. होंडाचं मॅन्युअल दर १,००० किलोमीटर किंवा १०० तासांनी सर्व्हिस सांगतं. तुमच्या वापरात ती वर्षाला सात वेळा आली, आठ वर्षांत ५६ वेळा. जी गाडी तुम्ही ५६ वेळा न चुकता उघडाल तीच टिकणार आहे. म्हणून मी गाडी बघताना पहिल्यांदा ऑइलचा नट कुठे आहे, एअर फिल्टर हत्याराशिवाय निघतो का, रेडिएटरपर्यंत पाण्याचा पाइप पोचतो का, हे बघतो. अश्वशक्ती नंतर.

आणि गाडीच्या नावातल्या आकड्यावर जाऊ नका. कोडियाक ४५० चं इंजिन ४२१ सीसीचं आहे, म्हणजे होंडाच्या टीआरएक्स ४२० एवढंच. टीआरएक्स ५२० चं ५१८, कोडियाक ७०० चं ६८६, स्पोर्ट्समन ५७० चं ५६७ सीसी. कॅन-अॅमच्या नव्या आउटलँडर ५०० आणि ७०० या दोन्हींत एकच ६५० सीसीचं इंजिन आहे, फक्त ताकद वेगळी बांधलेली. गायींच्या मागे ताशी सहा किलोमीटरने जाताना यांतल्या कुठल्याच गाडीला ताकद कमी पडत नाही. ताकद कमी पडली अशी तक्रार घेऊन आलेल्या गाड्या मी उघडतो तेव्हा बहुतेक वेळा एअर फिल्टर धुळीने गच्च, नाहीतर बेल्ट चकाकलेला, नाहीतर मागचा ब्रेक अडकून घासत असतो.

खरा फरक आहे तो इंजिनाची ताकद चाकांपर्यंत कशी जाते यात, आणि तो समजायला या कंपन्या कुठून आल्या ते बघावं लागतं. होंडा मोटारसायकलवाली. तिच्या क्वाडमध्ये खरे गिअर आहेत, तेलात बुडालेले क्लच आहेत, आणि इंजिन गाडीत लांबीच्या दिशेने बसवलेलं आहे. क्रँकशाफ्ट पुढून मागे, आणि चाकांकडे जाणारे शाफ्टही पुढून मागे, त्यामुळे मधे ताकद काटकोनात वळवणारे गिअर नाहीत. जितकी वळणं कमी तितकी झीज कमी आणि गळायच्या जागाही कमी. व्हॉल्व्ह पुशरॉडवर चालतात, गॅप स्क्रूने जुळवता येते. १९८६ साली होंडाने फोर-व्हील ड्राइव्हची टीआरएक्स ३५० आणली तेव्हापासून हा वळणाचा साधेपणा तिच्या कामाच्या गाड्यांत टिकून आहे.

पोलॅरिस मात्र मिनेसोटाच्या बर्फातली, स्नोमोबाइल बनवणारी कंपनी. १९८५ मध्ये तिने पहिली एटीव्ही, म्हणजे क्वाड, काढली ती गिअरऐवजी स्नोमोबाइलचा रबरी बेल्ट घेऊनच. कॅन-अॅमची मूळ कंपनीही कॅनडातली, स्नोमोबाइलवालीच. बेल्टची रचना बर्फावर उत्तम, कारण तिथे हवा थंड, वेग जास्त, आणि बेल्ट मोकळा फिरतो. आपल्या फार्मवर नेमकं उलटं आहे: वेग कमी, ओझं जास्त, थांबा-निघा शंभर वेळा, आणि खाली शेणाचं पाणी.

बेल्ट कसा काम करतो ते कळलं की निम्मी दुरुस्ती वाचते. इंजिनकडे एक पुली, चाकांकडे एक पुली. पोलॅरिससारख्या रचनेत गाडी उभी असताना इंजिनकडच्या पुलीच्या दोन थाळ्या उघड्या असतात आणि बेल्ट सैल असतो. अॅक्सिलरेटर दाबला की थाळ्या जवळ येऊन बेल्टला चिमटीत धरतात आणि गाडी निघते. म्हणजे क्लचचं कामही बेल्टच करतो, आणि दर वेळी निघताना तो क्षणभर घसरतो. मोकळ्या गाडीत याने काही होत नाही. पण मागे दुधाचा ट्रेलर, समोर चढ, आणि गाडी ‘हाय’ या वेगाच्या गिअरमध्ये, असं झालं की तो क्षण लांबतो, बेल्ट तापतो, त्यावर एक चकाकी येते, मग तो आणखी घसरतो, आणखी तापतो. उपाय फुकट आहे: ट्रेलर जोडला, किंवा गायींच्या चालीने जायचं असेल, तर गाडी थांबवून ‘लो’ टाका. ‘लो’मध्ये इंजिनाचे फेरे वाढतात, पुली बेल्टला घट्ट धरते आणि पंख्याची हवाही जास्त खेळते. एवढं एक करणाऱ्याचा बेल्ट वर्षानुवर्षं टिकलेला मी बघितला आहे. आणि एका फार्मवरून एकाच वासरांच्या हंगामात तीन जळके बेल्ट बदलायला आलेलेही बघितले आहेत. तिसऱ्या वेळी मी स्वतः तिथे गेलो आणि वासरं सांभाळणाऱ्या पोराच्या शेजारी उभा राहून त्याला ‘लो’ दाखवला. त्याला ते तोवर कुणी सांगितलंच नव्हतं.

यामाहाने याच बेल्टला एक चांगला उपाय केला आहे आणि मला तो मनापासून आवडतो. कोडियाक आणि तिच्याच ग्रिझली या मॉडेलमध्ये निघताना घसरायचं काम करणारा क्लच वेगळा आहे, तेलात बुडालेला. बेल्ट कायम ताणलेलाच राहतो, त्यामुळे घसरण तेलात होते, रबरावर होत नाही. शिवाय त्या क्लचमध्ये एक एकदिशा बेअरिंग आहे, त्यामुळे उतारावर अॅक्सिलरेटर सोडला की चाकं इंजिनाला फिरवतात आणि गाडी स्वतःहून रोखली जाते. पावसाळी सकाळी पिरोंगियाच्या उतारावर ओल्या गवतातून खाली येताना याचं मोल कळतं. ब्रेक दाबला तर चाकं अडकून गाडी घसरत जाते. इंजिन रोखतं तेव्हा चाकं फिरत राहतात आणि पकड टिकते. होंडात हेच काम गिअर करतात, पण त्यासाठी उतार सुरू व्हायच्या आधी खालचा गिअर टाकायची बुद्धी चालवणाऱ्याला हवी. पोलॅरिस घेणार असाल तर तुम्हाला मिळणाऱ्या नेमक्या मॉडेलमध्ये इंजिन ब्रेकिंग आहे का हे डीलरला विचारा. नसेल तर चढाच्या फार्मसाठी ती गाडी घेऊ नका.

होंडाचे गिअरही अमर नाहीत, हे सांगायला हवं. तिच्यात दोन क्लच असतात: एक निघतानाचा, इंजिनाचे फेरे वाढले की आपोआप धरणारा, आणि दुसरा गिअर बदलतानाचा. दोन्ही इंजिनाच्याच तेलात. मागे ट्रेलर लावून तिसऱ्या गिअरमध्ये निघणारे लोक असतात. त्यांचा निघतानाचा क्लच जळतो, त्याचा चुरा तेलात मिसळतो आणि ते तेल सगळ्या इंजिनात फिरतं. म्हणून तेल वेळेवर बदलायचं, आणि मोटारसायकलचं वेट क्लचवालं तेल घालायचं, कारचं घालायचं नाही. कारच्या काही तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, त्यांनी क्लच घसरायला लागतो. आणखी एक, पायाने गिअर टाकायची गाडी घेतलीत तर शोरूममध्ये गमबूट घालून जा. जाड गमबुटाचं नाक गिअरच्या दांडीखाली नीट जात नसेल तर माणूस गिअर बदलायचंच टाळतो आणि सगळं एकाच गिअरमध्ये रेटतो. तसं असेल तर हँडलवरच्या बटणांनी गिअर बदलणारं मॉडेल घ्या. पूर्ण स्वयंचलित डीसीटीचं (दोन क्लचनी आपोआप गिअर बदलणारं) मॉडेलही आहे आणि ते छान चालतं, पण आठ वर्षांचा हिशेब असेल तर त्यात सेन्सर आणि सोलेनॉइड जास्त आहेत. मी बटणांपाशी थांबेन.

आता ब्रेक. याबद्दल कुणी विचारत नाही आणि डेअरीवर सगळ्यांत जास्त खर्च इथेच होतो. गायींच्या रेसवरचा, म्हणजे त्यांच्या येण्या-जाण्याच्या वाटेवरचा, मुरूम आणि शेणाचा काला म्हणजे पॉलिश पेपरच. उघडी डिस्क चाकाशेजारी या काल्यात फिरते, आणि ओल्या हिवाळ्यात पॅड काही आठवड्यांत पत्र्यापर्यंत झिजलेले मी बघितले आहेत. पोलॅरिसला चारही चाकांना डिस्क आहेत. थांबायला फारच छान, पण तुमच्या कामात पॅडचा एक जोड कायम शेल्फवर ठेवावा लागेल. एकसंध अॅक्सलच्या होंडात मागे बंद ड्रम आहे. आत चिखल जात नाही तोवर तो निवांत असतो, पण एकदा सील गेलं की आत शिरलेला चिखल बाहेर पडत नाही आणि लायनरसकट ड्रम खातो. म्हणून वर्षातून एकदा, गायी आटवल्यावर, ड्रम उघडून सील बदलून टाका. सील स्वस्त असतं, ड्रम नसतो. कोडियाकच्या ४५० आणि ७०० दोन्हींत मागे तेलात बुडालेला बंद मल्टिडिस्क ब्रेक आहे, आणि निव्वळ डेअरीच्या चिखलाचा विचार केला तर या तिघींत हा ब्रेक मला सगळ्यांत योग्य वाटतो. सुझुकीच्या किंगक्वाड ५०० आणि ७५० मध्येही असाच आहे.

मागचा अॅक्सल एकसंध की स्वतंत्र सस्पेन्शन, हा लोक आवडीनिवडीचा मुद्दा समजतात. माझ्या मते तो देखभालीचा मुद्दा आहे. पुढे दोन शाफ्ट, प्रत्येकाला दोन रबरी बूट, म्हणजे चार. मागेही स्वतंत्र सस्पेन्शन असेल तर आणखी चार. बूट फाटला, आत माती गेली, की जॉइंट टकटक करायला लागतो आणि मग शाफ्टच बदलावा लागतो. कुंपणाच्या नंबर आठ तारेचे तुकडे पडलेल्या फार्मवर आठ बूट राखायचे की चार, हा विचार करा. शिवाय टो-बॉलवर (ट्रेलर जोडायच्या गोळ्यावर) वजन आलं की स्वतंत्र सस्पेन्शनची गाडी मागे बसते, एकसंध अॅक्सलची तेवढी बसत नाही. याची किंमत तुमची कंबर देते. खडबडीत पॅडॉकमध्ये रोज चार-पाच तास असाल तर स्वतंत्र सस्पेन्शनच घ्या, बूट बदलता येतात, मणके बदलता येत नाहीत. तुम्ही लिहिलंत त्यावरून बसून राहायचं काम तुमच्याकडे दिवसाला दोन-अडीच तासांचं आहे. तेवढ्याला एकसंध अॅक्सल चालेल. टायरमध्ये हवा मात्र मॅन्युअलएवढीच ठेवा, साधारण ५ पीएसआयच्या आसपास, आणि ती कमी दाबाच्या मीटरनेच मोजा. कारच्या मीटरवर ५ आणि ८ मधला फरक दिसत नाही. चार चाकांत हवा वेगवेगळी असली की चाकांचे घेर वेगळे होतात, आणि फोर-व्हील लावून कडक रेसवर चालवल्यावर तो ताण पुढचं डिफरन्शियल सोसतं.

आता मला सगळ्यांत जास्त काळजी असलेली गोष्ट. तुमच्या जुन्या गाडीच्या मागच्या रॅकवर १०० लिटरची फवारणीची टाकी आहे, असं तुम्ही सहज लिहिलं आहे. रॅकची मर्यादा बघा. टीआरएक्स ४२० ला मागे ६० किलो, कोडियाक ४५० ला ८०, टीआरएक्स ५२० ला ८५, कोडियाक ७०० ला ९०. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, वर टाकी, पंप आणि नळी. यांतली एकही गाडी ते वजन रॅकवर घ्यायला बनवलेली नाही. आणि ते नुसतं वजन नाही, ते हलतं वजन आहे. अर्धी भरलेली टाकी आडव्या उतारावर पाणी खालच्या बाजूला फेकते, नेमकं गाडी कलत असते तेव्हा.

मी एकदा एका डोंगरी फार्मवरून अशी उलटलेली क्वाड उचलून आणली आहे. गॉर्स नावाच्या काटेरी झुडपांवर फवारणी चालू होती, टाकी अर्धी झालेली, उतार रोजचाच, त्याच माणसाने शंभरदा पार केलेला. गाडी त्याच्या अंगावरून गेली. तो वाचला कारण खाली माती मऊ होती. त्याच्या बायकोने मला चहा दिला आणि कप ठेवताना तिचा हात थरथरत होता, ते मी विसरलेलो नाही. तेव्हापासून कुणी रॅकवर मोठी टाकी बसवायला आलं तर मी बसवून देत नाही. फवारणीसाठी ट्रेलरवरची टाकी घ्या, ती सपाटीवर वापरा, आणि खड्या उतारावर पाठीवरचा पंप नाहीतर ठेकेदार. नव्या क्वाडबरोबर पहिल्याच दिवशी मागे क्रश प्रोटेक्शन, म्हणजे गाडी उलटली तर माणूस दबू नये म्हणूनची कमान, बसवून घ्या: क्वाडबार किंवा आपल्या इथे न्यूझीलंडमध्येच बनणारं लाइफगार्ड. वर्कसेफ ही इथली कामाच्या सुरक्षेची सरकारी संस्था २०१९ पासून त्याची ठाम शिफारस करतं. शेजारच्या ऑस्ट्रेलियात तर ऑक्टोबर २०२१ पासून नव्या कामाच्या क्वाडवर ते सक्तीचं झालं आणि होंडा, यामाहा यांनी तिथे कामाच्या क्वाड विकणंच थांबवलं. कंपन्यांचे त्यावर आक्षेप आहेत, ते मी वाचले आहेत. तरीही मी उलटलेल्या गाड्या बघितल्या आहेत आणि मी ते बसवायलाच सांगतो. हेल्मेटबद्दल वेगळं सांगत नाही. दोन माणसं किंवा कुत्र्यांसकट सामान रोज न्यायचं असेल तर क्वाडचा नादच सोडा, पट्टे आणि छत असलेली, शेजारी-शेजारी बसायची साइड-बाय-साइड गाडी घ्या.

ओढण्याच्या क्षमतेचं थोडक्यात. टीआरएक्स ४२० साठी मॅन्युअल ३८५ किलो सांगतं, टीआरएक्स ५२० आणि दोन्ही कोडियाकसाठी ६००. तुमची वासरांची दूधगाडी भरल्यावर किती होते ते एकदा मोजा. ५०० लिटरची असेल तर दूधच अर्धा टन झालं, त्यावर लोखंड. म्हणून ४२० चा विचार तुमच्या कामाला मी करणारच नाही, जरी ती गाडी म्हणून माझी सगळ्यांत लाडकी आहे. आणि हे ६०० सपाटीचे आहेत. चढावर भरलेली दूधगाडी ट्रॅक्टरला लावा. ट्रेलर क्वाडला मागून ढकलायला लागला की कुठलंच इंजिन ब्रेकिंग पुरत नाही.

बाकीच्या कंपन्यांचंही थोडक्यात सांगतो. कॅन-अॅमची ताकद आणि फोर-व्हील दोन्ही उत्तम, रोटॅक्सचं इंजिन नामांकित, पण बेल्टचे सगळे नियम तिलाही लागू. सुझुकी किंगक्वाड जुन्या रचनेची, भरवशाची, बऱ्याच डेअरींवर दिसते. चिनी सीएफमोटो किमतीत परवडते आणि आता तिचं काम पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारलं आहे. पण आठ वर्षांनी तिचा एखादा भाग शेल्फवर असेल का, हे तुमच्या जवळच्या डीलरकडे जाऊनच ठरवावं लागेल. खरं तर हा प्रश्न सगळ्यांनाच विचारा. ऑगस्टमध्ये, वासरांच्या ऐन धांदलीत, व्हील बेअरिंग गेलं तर ते त्याच दिवशी मिळतं का? बदली गाडी देतात का? गायी उद्या सकाळी पुन्हा आणायच्याच आहेत. वीस मिनिटांवरचा चांगला डीलर हा माझ्या हिशेबात शंभर सीसीपेक्षा मोठा आहे, आणि तुमच्या गावात यामाहाचा चांगला आणि होंडाचा लांब असेल तर माझं वरचं उत्तर उलटं करून घ्या. मला त्यात काही वाटणार नाही.

आणि गाडी आल्यावर ती धुण्याने मारू नका. हे विचित्र वाटेल, पण प्रेशर वॉशरने मेलेली बेअरिंगं माझ्याकडे चिखलाने मेलेल्यांपेक्षा जास्त येतात. शेण आणि मूत्र धातू खातं, त्यामुळे रोज धुवायलाच हवं, पण शेडमधल्या साध्या पाइपने, भरपूर पाणी आणि कमी दाब. प्रेशर वॉशरचं तोंड व्हील बेअरिंग, स्टिअरिंगचे जॉइंट, बेल्टच्या हवेची नळी आणि विजेच्या जोडण्यांपासून लांब. रेडिएटरही आतून बाहेर, हळू पाण्याने. जोराच्या पाण्याने त्याच्या पापण्या वाकतात आणि मग उन्हाळ्यात गाडी तापते. गाडी धुतली की ब्रेक दोन-चार वेळा दाबून सुकवा, मग उभी करा. एअर फिल्टर फोमचा असेल तर धुवून फिल्टरचं तेल लावूनच परत बसवा, कोरडा फोम बारीक धूळ अडवत नाही. उन्हाळ्यात रेसवरची ती पांढरी धूळ आत गेली की पिस्टनच्या रिंगा झिजतात, गाडी तेल प्यायला लागते. मग मालक म्हणतात कंपनीने इंजिन खराब दिलं. मी फिल्टरच्या डब्याच्या आतल्या बाजूला बोट फिरवतो आणि त्यांना ते बोट दाखवतो.

वेळही सांगतो. हंगाम १ जूनला बदलतो आणि जुलैच्या मध्यापासून गायी विणायला लागतात. जूनमध्ये मिस्टरी क्रीकला फील्डेज हे शेतीचं मोठं प्रदर्शन भरतं, तिथे सगळ्या कंपन्यांच्या सवलती असतात. तेव्हाच व्यवहार करा, गाडी जूनअखेरीस घरी आणा, आणि पहिली सर्व्हिस वासरांची गर्दी सुरू व्हायच्या आधी उरकून घ्या. होंडाला ती पहिल्या २० तासांतच लागते. नव्या इंजिनाचा पहिला चुरा त्या तेलाबरोबर बाहेर पडतो, म्हणून ही एक सर्व्हिस कुठल्याही कारणाने पुढे ढकलू नका.

भावाला मात्र नाही म्हणून सांगा. तासगावच्या बागेत फवारणीचा ब्लोअर चालवायला पीटीओ (इंजिनाच्या ताकदीने अवजार फिरवणारा दांडा) लागतो, रोटाव्हेटरला पीटीओ आणि मागची तीन टोकांची जोडणी लागते. क्वाडला यातलं काहीच नसतं, ती फक्त ओढते. पोलॅरिसने भारतात स्पोर्ट्समन ५७० ट्रॅक्टर म्हणून नोंदवता येईल अशी आणली होती हे खरं, पण तिच्या पैशात बागेच्या ओळीतून जाणारा अरुंद मिनी ट्रॅक्टर येतो आणि तो वर्षभर काम करतो. त्याचा मेकॅनिकही सांगलीतच मिळतो.

तुमच्या जुन्या गाडीचं काय करायचं हे तुम्ही विचारलं नाहीत, पण ती लगेच देऊन टाकू नका. मीटरवरचे किलोमीटर भागिले तास करा. उत्तर १० ते १५ मधे आलं तर ती माणसासारखी वापरली गेली आहे. पाच-सहा आलं तर ती उभ्यानेच चालू राहिली आहे, इंजिन मीटरवर दिसतं त्याहून म्हातारं आहे. मग पुढची चाकं उचलून वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवा, खेळ कुठे आहे ते बघा. मागच्या डिफरन्शियलचं तेल थोडं काढून बघा, दुधासारखं पांढरं असेल तर आत पाणी गेलं आहे. टो-बॉलच्या वरच्या फ्रेमवर, वेल्डिंगच्या कडेने, बारीक चिरा शोधा. फ्रेम शाबूत असेल आणि सकाळी थंड इंजिन पहिल्या दमात सुरू होत असेल, तर ती सपाटीच्या पॅडॉकला, कुंपणाच्या कामाला दुसरी गाडी म्हणून आणखी दोन वर्षं देईल आणि नवीवरचा भार हलका होईल. हे सगळं बघून किलोमीटर, तास आणि त्या तेलाचा रंग मला लिहून कळवा, ठेवायची की विकायची ते सांगतो.